व्याही गाडीतून उतरेना

पवननगरच्या भाजीबाजारात एका मोटारसायकलवाल्याने मंगलाबाईच्या टोमॅटोच्या क्रेटवर चाक घातलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

टोमॅटो रस्ताभर घरंगळले. मोटारसायकलवाला मान वाकडी करून, खांद्याशी फोन दाबून बोलतच राहिला. मंगलाबाई उठली, पदर खोचला आणि सगळा बाजार ऐकेल अशा आवाजात ओरडली, “तुना डोया फुटनात का रे?”

समोर लंका मेथीच्या जुड्या चाचपत उभी होती. तिने मान वरसुद्धा केली नाही. तोंडातून आपसूक निघून गेलं, “डोया शेतस व बहीन, पन त्या मोबाइलमा शेतस!” डोळे आहेत गं, पण मोबाइलमध्ये.

शेजारच्या गाड्यांवरच्या बायका खो खो हसल्या. मोटारसायकलवाल्याने मुकाट्याने फोन खिशात घातला आणि टोमॅटो वेचायला वाकला. मंगलाबाई मात्र लंकाकडे बघतच राहिली. ही बाई कितीतरी वर्षं तिच्याकडून भाजी नेत होती. ‘पालक ताजा आहे का’, ‘अर्धा किलो द्या’ यापलीकडे तिच्या तोंडून कधी शब्द ऐकला नव्हता. मंगलाबाई तिला पुण्याकडची समजत होती.

“तू कोठली शे व?” तिने विचारलं.

“नामपूरनी,” लंका म्हणाली. एवढंच म्हणाली, पण म्हणताना तिचे डोळे भरून आले आणि ती पिशवी उचलून चालू लागली. मेथी तिथेच राहिली.

लंका एक्कावन्न वर्षांची होती. बागलाणातल्या नामपूरला वाढलेली, अहिराणी बोलत मोठी झालेली. कांद्याची लागण असली की तिच्या शेजारचा वाफा आपल्याला मिळावा म्हणून बायका भांडत. कारण लंका रोप खोचता खोचता सरपंचाचा आवाज काढायची, दवाखान्यातल्या कंपाउंडरची नक्कल करायची, आणि तिचा कोंडाजी मामा मुलासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा काय झालं ते सांगायची. दिवस कधी मावळला कळायचं नाही.

विसाव्या वर्षी तिचं लग्न होऊन ती नाशकात आली. सासरी पहिल्याच दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत, ती थोरल्या नणंदेला हळूच म्हणाली, “माले तीस लागनी.” तहान लागली, एवढंच. नणंदेने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. खोली हसली. त्यानंतर वर्षभर त्या घरात कोणालाही पाणी हवं असलं की ‘तीस लागनी’ म्हणून मागायचं, अशी गंमतच होऊन बसली. नवरा सोमनाथ वाईट माणूस नव्हता. तो तिला बाजूला घेऊन म्हणाला, “मनाला लावून घेऊ नको. पण इथे जरा नीट बोलत जा.”

ती नीट बोलायला शिकली. इतकं नीट, की पुढे तिच्या मुलांच्या शाळेतल्या बाईसुद्धा तिच्या भाषेचं कौतुक करायच्या. पण त्या नीट भाषेत तिला गंमत करता येईना. मीठ मागता यायचं, चौकशी करता यायची, आल्यागेल्याचं स्वागत करता यायचं. कोणाला हसवता मात्र यायचं नाही. मग ती बोलणंच कमी करत गेली. लोक म्हणू लागले, सोमनाथची बायको म्हणजे अगदी गरीब गाय. मुलांना घेऊन भाऊबीजेला नामपूरला जायची, ती संध्याकाळच्या आत परत यायची. मुक्काम केला तर पोरांची भाषा बिघडेल, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. सासूबाई गेल्या तरी म्हणणं राहिलं.

आता मुलगी स्नेहल लग्न होऊन पिंपळगाव बसवंतला गेली होती. मुलगा मयूर नोकरीला हैदराबादला. सोमनाथ अंबडच्या कंपनीतून निवृत्त होऊन घरी बसला होता. घर मोकळं झालं तसं जो तो लंकाच्या मोकळ्या वेळाची सोय लावू लागला. मयूर म्हणाला, आई, इकडे येऊन राहा, मला बाहेरचं खाऊन कंटाळा आला. नणंद म्हणाली, आमच्या भजनी मंडळात ये. सोमनाथ म्हणाला, आता दुपारचा चहा जरा वेळेवर मिळत जाईल. तुला काय हवं, असं कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती मेथी न्यायला म्हणून परत बाजारात गेली. मंगलाबाईने रिकामा क्रेट उलटा करून तिच्यापुढे सरकवला.

“बठ,” ती म्हणाली. “आते बोल. इतला दिन कोठे व्हती?”

लंका बसली. आणि बोलली.

दुपारच्या वेळी बाजारात गिऱ्हाईक नसतं. भाजीवाल्या बायका सावलीला सरकून बसतात. त्यातल्या निम्म्या धुळ्या-साक्रीकडच्या, सटाण्याकडच्या. लंकाच्या क्रेटभोवती त्या रोज जमू लागल्या. तिने त्यांना कोंडाजी मामा सांगितला. हा मामा एका कानाने ठार बहिरा, पण कबूल करायचा नाही. मुलगी बघायला गेला आणि नेमका बहिरा कान मुलीच्या बापाकडे करून बसला. मुलीच्या बापाने विचारलं, मुलाला काही व्यसन? मामाला ऐकू आलं, बेसन.

“रोज लागतं!” मामा म्हणाला. “त्याच्याशिवाय घास उतरत नाही पोराच्या.”

बाप हादरला. “कधीपासून?”

“दात आल्यापासून. त्याच्या आईनेच सवय लावली. तिलाही लागतं. आमची म्हातारी तर अंथरुणाला खिळली आहे, पण संध्याकाळ झाली की उठून बसते, म्हणते, आणा माझी वाटी!”

लंका हे सांगताना बाप व्हायची, मामा व्हायची, वाटी मागणारी म्हातारी व्हायची. बायका एकमेकींच्या अंगावर पडायच्या. एकदा तर मंगलाबाई हसता हसता तराजूवर आडवी झाली.

मंगलाबाईच्या भाचीची हळद होती सातपूरला. “तू ये, आणि दोन गोष्टी सांग,” ती म्हणाली. लंका घाबरली, पण गेली. आधी खुर्चीत बसून सांगू लागली, मग कधी उठून उभी राहिली तिचं तिला कळलं नाही. मांडवातली सगळी माणसं तिच्याकडे वळली. डीजेवाल्याने आपणहून आवाज बंद केला. परत येताना रिक्षात ती एकटीच हसत होती. इतक्या वर्षांत आपण मेलो नव्हतो, फक्त गप्प होतो, असं तिला वाटलं.

तिथून बोलावणी येऊ लागली. कोणाची हळद, कोणाचं डोहाळजेवण, कुठे महिला मंडळ. सुरुवातीला ती घरी भजनाला जाते म्हणून सांगायची. एकदा सोमनाथने विचारलं, “आज कोणतं भजन झालं?” तिने चप्पल काढली. मग म्हणाली, “भजन नव्हतं. इंदिरानगरला एका हळदीत गोष्टी सांगायला गेले होते. अहिराणीत.”

“तू?”

“मी.”

सोमनाथला वाटलं, चेष्टा करते आहे. तो परत पेपर वाचू लागला. त्याला खरं कळलं ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हिडिओ आला तेव्हा.

त्या व्हिडिओत लंका एका मांडवात उभी राहून श्रीमंत व्याह्याची गोष्ट सांगत होती. हा व्याही लग्नाला आला तो मोठ्या एसी गाडीतून. आला, पण उतरेना. दार उघडलं तर गारवा बाहेर जाईल! मग वधूकडचे गाडीपाशी गेले. अक्षता टाकल्या, त्या काचेवरून खाली पडल्या. व्याह्याने बोटभर काच खाली केली आणि म्हणाला, मानाचा फेटा आतच द्या. वधूच्या मामाने फेट्याचं एक टोक आत सारलं, दुसरं हातात धरलं. व्याह्याने बटण दाबलं. काच वर गेली, फेटा अडकला. मामा ओरडला, अहो, थांबा! ड्रायव्हरला वाटलं, निघा. गाडी निघाली. फेटा उलगडतो आहे, टोक धरून मामा मागे पळतो आहे. बँडवाल्यांना वाटलं, वरात निघाली. ते वाजवत मागे. वऱ्हाडाला वाटलं, वरात निघाली तर जेवण झालं असणार. ते उपाशी, नाचत मागे. अख्खं लग्न हायवेला लागलं ते थेट टोलनाक्यापर्यंत. मांडवात उरले भटजी, नवरा आणि नवरी.

व्हिडिओवर हजारो लोक हसले होते. नणंदेने खाली लिहिलं होतं, ‘आपल्या घराण्याची शोभा.’ आणि संध्याकाळी पिंपळगावहून स्नेहलचा फोन आला. ती रडत होती.

“आई, ही काय अवदसा आठवली तुला? आमच्या घरी सगळ्यांनी बघितलं. पप्पांना माहीत होतं का? अण्णा दुपारपासून कोणाशी बोलले नाहीत. म्हणतात, हा व्याही म्हणजे मीच.”

अण्णा म्हणजे तिचे सासरे, हिरामणशेठ. द्राक्षांचे व्यापारी. हायवेला लागून त्यांचं कोल्ड स्टोरेज होतं आणि त्याच्या मागे बंगला. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन कमी तर झालं नाही ना, हे ते दिवसातून दहादा बघत.

सोमनाथने फोन करून त्यांची समजूत काढली. रविवारी आम्ही दोघं येतो, ती स्वतः बोलेल, म्हणाला. गाडीत बसल्यापासून ओझरपर्यंत तो लंकाला पढवत होता. “जास्त काही बोलायचं नाही. गोष्ट कल्पनेतली आहे, कोणाशी संबंध नाही, तरी वाईट वाटलं असेल तर चुकलं. आणि यापुढे हे सगळं बंद. बस. पाच मिनिटांचं काम आहे.”

लंका खिडकीतून बाहेर बघत होती. द्राक्षांचा हंगाम होता. क्रेट भरलेले टेंपो एकामागून एक पॅकहाउसच्या फाटकात वळत होते. तिला त्या गोष्टीचं मूळ आठवत होतं.

स्नेहलचं लग्न मे महिन्यात झालं होतं. लग्नाच्या दिवशी हिरामणशेठ खरोखरच गाडीतून उतरले नव्हते. स्वागताला उशीर झाला म्हणून रुसले होते. मांडवात धावपळ उडाली. सोमनाथ स्टेजच्या मागे कोणाला तरी शोधत होता, म्हणून लंकाच सरबताचा ट्रे घेऊन गाडीपाशी गेली. बाहेर भाजून काढणारं ऊन. तिने काचेवर बोटाने टकटक केलं. आत हिरामणशेठ मान मागे टेकून बसले होते. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि हाताने खूण केली, जा, पुरुषमाणसाला पाठव. काच उघडली नाही. नवरीची आई म्हणून नेसलेल्या पैठणीत, ट्रे हातात धरून, ती तिथे किती वेळ उभी होती तिलाच ठाऊक. पायाखालची माती तापली होती. शेवटी सोमनाथ धावत आला.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते गोष्टीत, आणि गोष्टीत ऐकणाऱ्यांना हसू आलं. तिलाही आलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिला त्या उन्हाचं हसू आलं होतं.

बंगल्याच्या हॉलमध्ये हिरामणशेठ मधल्या सोफ्यावर बसले होते. बाजूला त्यांची बायको. स्नेहल पाणी घेऊन आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं नाही.

सोमनाथने घसा साफ केला. “हिला काही म्हणायचंय, शेठ.”

“म्हणतील, म्हणतील. त्याआधी मला एकच विचारायचंय.” हिरामणशेठ शांतपणे म्हणाले. “विहीणबाई, त्या गोष्टीतला व्याही कोण?”

सोमनाथ तिच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलत होते, जणू तोच तिच्या वतीने म्हणणार होता, कल्पनेतला.

“तुम्हीच,” लंका म्हणाली.

सोमनाथने हातातला ग्लास खाली ठेवला. बाहेर स्टोरेजचं मशीन घरघरत होतं.

“म्हणजे, फेटा अडकला नव्हता,” ती पुढे म्हणाली. “बँडही धावला नव्हता. ते मी रचलं. पण तुम्ही गाडीतून उतरला नव्हता ते खरं. मी सरबत घेऊन आले होते. तुम्ही मला हाताने घालवलंत. आठवतं का?”

हिरामणशेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. “त्या गर्दीत कोण आलं, कोण गेलं…”

“नवरीची आई आली होती.”

“अहो, मला काय माहीत तुम्ही होता ते!”

“माझ्या अंगावर पैठणी होती, शेठ. आणि तुमच्या काचेतून आरपार दिसत होतं. मला तुम्ही दिसत होतात ना.”

स्नेहलने पहिल्यांदा मान वर केली. तिला हे माहीत नव्हतं. ती तेव्हा आत खोलीत नटून बसली होती, आणि लग्न मोडतं की काय या भीतीने रडत होती.

हिरामणशेठ उठून उभे राहिले. “हे बघा, झालं गेलं. लग्नात मानपान होतातच. पण चारचौघांत आमचं हसं करायचं, हे आमच्यात चालत नाही. ती गोष्ट परत सांगायची नाही. एवढा शब्द द्या आणि चहा घ्या.”

“चहा घेईन,” लंका म्हणाली. “शब्द देणार नाही. तुमचं नाव मी घेतलं नाही, घेणारही नाही. पण गोष्ट माझी आहे. उन्हात मी उभी होते.”

“लंका!” सोमनाथ म्हणाला.

“मग या घराशी तुमचा संबंध किती ठेवायचा, ते आम्हाला बघावं लागेल,” हिरामणशेठ म्हणाले.

“आई, मला इथे राहायचंय,” स्नेहल भिंतीपाशीच म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “तुझं होतंय गमतीचं. माझं काय?”

हे मात्र लंकाला लागलं. ती उठून मुलीजवळ गेली. पण तिला जवळ घ्यायला तिचे हात उचलले नाहीत, आणि स्नेहलनेही पुढे पाऊल टाकलं नाही.

“राहा ना, बाई,” लंका म्हणाली. “सुखाने राहा. माझ्यामुळे तुला कोणी एक शब्द जरी बोललं, तर मला फोन कर. मी येऊन त्यांना विचारीन. पण तुला इथे मान मिळावा म्हणून मी तोंड शिवून बसू, असं आता म्हणू नको. तोंड शिवूनच बसले होते ना तुझ्या लग्नात? किती मान मिळाला?”

चहा आला नाही. ते निघाले.

परतताना सोमनाथने ओझर मागे टाकलं. मग एकदम म्हणाला, “मी नव्हतो का त्या उन्हात?”

“होता,” ती म्हणाली. “तुम्ही गाडीचं दार धरून हात जोडले होते. सगळ्या वऱ्हाडासमोर. ते मी गोष्टीत घातलेलं नाही. कधी घालणारही नाही.”

सोमनाथने गाडी बाजूला घेतली आणि उगाचच उतरून टायर बघून आला. परत बसला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पण घरी पोचेपर्यंत तो पुन्हा पूर्वीसारखा झाला.

“हे आता बंद कर,” चप्पल काढता काढता तो म्हणाला. “नाहीतर…”

“नाहीतर काय?”

त्याने पुढचा विचार केला नव्हता.

“घरातून काढाल?” लंका म्हणाली. “घर माझंही आहे. मी कुठे निघून जात नाही. कार्यक्रमाला जाईन आणि परत येईन. तुम्ही जायचात ना रोज कंपनीत? तसंच.”

“आमच्या घराण्याचं नाव तुझ्या कार्यक्रमाच्या बोर्डावर लागतं, ते…”

“बरं. घराण्याचं नाव काढते.”

आणि तिने खरंच काढलं. पुढच्या कार्यक्रमाच्या बायकांना तिने फोन केला आणि सांगितलं, बॅनरवर आडनाव टाकू नका. लंका नामपूरकर एवढंच टाका.

ते दिवस सोपे गेले नाहीत. स्नेहलचा फोन बंद झाला. लंकाने केला तर उचलायची नाही. मयूरने हैदराबादहून समजूत घातली, “आई, लोकांना तू आवडतेस हे चांगलंच आहे, पण दीदीच्या घरचं जरा बघ ना.” सोमनाथ मोजकं बोलायचा, ताट पुढ्यात आलं की मुकाट जेवायचा. एका दुपारी तिला बाजारात गोष्ट सुचेना. ती क्रेटवर बसून नुसती रडली. मंगलाबाईने काही विचारलं नाही. भाजीवर पाणी मारता मारता तिने थोडं लंकाच्या तोंडावरही मारलं आणि म्हणाली, “ऊठ. कार्यक्रमना दिन जवळ उना.”

लंका उठली. मुलीच्या आठवणीने जीव तुटत होता हे खरं. पण बंद करावं, असं तिला एकदाही वाटलं नाही. याचंच तिला नवल वाटे. आयुष्यभर जे कोणी नको म्हटलं ते तिने सोडलं होतं. हे सुटत नव्हतं.

चांदवडला बचत गटांचा मेळावा होता. मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. दुपारी जेवणं झाली आणि लंका स्टेजवर गेली. कोंडाजी मामा झाला. कंपाउंडर झाला. मग मागून कोणीतरी ओरडलं, “व्याही! व्याही सांगा!” आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत तेच मागू लागलं.

लंकाने हसत हात वर केला, आणि त्याच वेळी तिला शेवटच्या रांगेत, दाराजवळ, स्नेहल दिसली. एकटी. पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली.

लंकाने वर केलेला हात खाली घेतला. तिने माइक हातात घट्ट धरला. दुसरी गोष्ट सांगता आली असती, तिच्याकडे गोष्टींना तोटा नव्हता. बायका टाळ्या वाजवत होत्या. स्नेहल हलत नव्हती, हसत नव्हती, नको अशी खूणही करत नव्हती.

लंकाने सांगायला सुरुवात केली. एकही शब्द गाळला नाही. गाडी आली, काच वर गेली, फेटा अडकला, मामा धावला, बँड निघाला, वऱ्हाड निघालं. मांडवात उरले भटजी, नवरा आणि नवरी. इथे गोष्ट संपायची. पण आज लंका थांबली नाही.

नवरीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ती म्हणाली. मुंडावळ्या वर सारल्या. नवऱ्याला म्हणाली, अहो, ते टोलनाक्याहून कधी येतील काय माहीत. जिलबी गरम आहे तोवर बसून घेऊ. भटजीबुवा म्हणाले, अहो, पण विधी? नवरी म्हणाली, तुम्हीपण या. आणि तिने तिघांची पानं मांडली, ऐसपैस बसली, आणि वऱ्हाडाच्या वाटणीच्या जिलब्या एकटीने संपवल्या. पुढे सगळे घामाघूम होऊन परत आले तेव्हा नवरी हात धुऊन, पान खाऊन बसली होती. व्याही म्हणाला, आमचं स्वागत? नवरी म्हणाली, उतरा आधी.

सभागृह हसण्याने दणाणलं. लंकाने दाराकडे पाहिलं. स्नेहलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. हसते की रडते, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर स्नेहल स्टेजच्या मागे आली. डोळे लाल होते. लंकाने पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली.

“मी अशी बसले नव्हते जेवायला,” स्नेहल म्हणाली. “मी रडत होते.”

“मला माहीत आहे. म्हणून गोष्टीत तुला जेवू घातलं.”

स्नेहलने नाक पुसलं. “तू काचेबाहेर उभी होतीस, हे मला का नाही सांगितलंस?”

“तुझं लग्न होतं ना. आणि मला तेव्हा सांगता कुठे येत होतं?”

“अण्णा अजून चिडलेलेच आहेत. तुझं नाव काढलं की उठून जातात.”

“मग तू इथे कशी?”

“मी म्हटलं, आईचा कार्यक्रम आहे, मी चालले. ते म्हणाले, जायचं नाही.” स्नेहलने पर्सच्या पट्ट्याशी चाळा केला. “मी गाडीची किल्ली घेतली आणि आले.”

लंकाने तिच्याकडे नीट पाहिलं. मुलगी थोडी वाळली होती. पण ताठ उभी होती.

“परत गेल्यावर?”

“बघू. बोलतील. मीपण बोलेन.” मग ती म्हणाली, “आत्ता लगेच नाही जायचं मला. आई, नामपूर इथून किती लांब आहे?”

“देवळ्याहून सटाणा, मग नामपूर. अंधार पडायच्या आत पोचू. का गं?”

“मी तिथे कधी झोपले नाहीये. सारखं घाईघाईने परत यायचो आपण. चल ना.”

लंकाने आधी भावाला फोन लावला. तो आनंदाने एवढा ओरडला की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग तिने सोमनाथला लावला.

“अहो, मी आज येत नाही. स्नेहल आली आहे. आम्ही दोघी नामपूरला मुक्कामाला चाललो.”

“स्नेहल? ती कशी काय? तिच्या घरी विचारलंय का?” सोमनाथ गडबडला. “आणि तू मला आधी विचारायचंस ना.”

“विचारत नाहीये, सांगतेय.”

पलीकडे टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. मग त्या बंद झाल्या.

“कार्यक्रम कसा झाला?” सोमनाथने विचारलं. आजवर त्याने हे कधी विचारलं नव्हतं.

“छान झाला.”

“हं. तिला गाडी सावकाश चालवायला सांग. पुढे घाट आहे,” तो म्हणाला. “उद्या येशील ना?”

“बघते,” लंका म्हणाली आणि फोन ठेवला.

स्नेहलने गाडी बाहेर काढली. एसी लावायला तिने हात पुढे केला, तर लंकाने स्वतःच्या बाजूची काच आधीच पूर्ण खाली केली होती. कोपर बाहेर काढून ती ऐसपैस बसली. वारा जोरात आत येऊ लागला, तिचा बांधलेला अंबाडा सुटला, आणि तिने तो पुन्हा बांधला नाही.

“इथून डावीकडे?” स्नेहलने विचारलं.

“हां,” लंका म्हणाली, “डावीकडे. आणि आता मी सांगते तसं म्हण. मामाच्या दारात गेलीस की पहिलं काय म्हणायचं ते अहिराणीत शिकवते.”

“मला येईल?”

“येईल. चुकलीस तर हसतील. हसू दे. तूपण हस.”